सेक्रेटरीसाहेबांचा मूळ देश

माझे सासरे केंद्र सरकारच्या अशा एका खात्यातून निवृत्त झाले, जिथे परदेशातून देशात काय येऊ द्यायचं हे ठरायचं. बहुतेक वेळा काही येऊ द्यायचं नाही, असंच ठरायचं. यंत्रांचे सुटे भाग, प्रयोगशाळेतली भिंगं, कुणाच्या तरी मुलीला हवा असलेला पियानो, सगळ्यांचे अर्ज त्यांच्या टेबलावरून जायचे आणि नकाराचं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. ‘सदर वस्तू देशात उपलब्ध असल्याने आयातीचा प्रश्न उद्भवत नाही.’ मूळ वाक्य इंग्रजीत, पण त्याचं मराठी रूप घरात माझ्या लग्नाच्या आधीपासून नांदत होतं. नवी नवरी असताना मी मिक्सर मागितला, तेव्हा सासूबाईंनी पाट्याकडे बोट दाखवून हेच वाक्य म्हटलं. मला वाटलं, गंमत करताहेत. गंमत नव्हती. पुढची दोन वर्षं मी पाट्यावर चटण्या वाटल्या.

मग उदारीकरण आलं आणि सासऱ्यांच्या खात्यातल्या याद्या एकेक करून रद्द होऊ लागल्या. नोकरीची शेवटची वर्षं ते रोज वेळेवर ऑफिसला जायचे आणि ज्या ज्या गोष्टी त्यांनी जन्मभर अडवून धरल्या होत्या, त्या रस्त्यातल्या दुकानांत मांडलेल्या बघत घरी यायचे. तक्रार मात्र कधी केली नाही. “सरकारचा निर्णय आहे, बिल्कुल योग्य असणार,” एवढंच म्हणायचे. निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सुटलं आणि आम्ही सगळे नोएडातल्या एका सेक्टरमधल्या सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आलो. नव्या घरात सासूबाई फार दिवस राहिल्या नाहीत, पहिल्याच थंडीत गेल्या. माझा नवरा कंपनीच्या कामाने सतत फिरतीवर. त्यामुळे घरात मी आणि सासरे. मी सकाळी लॅबला जायची आणि ते बाल्कनीत बसून समोरच्या शेतात उभे राहणारे टॉवर बघायचे. संध्याकाळी मी विचारायची, “बाबा, काय केलंत दिवसभर?” ते म्हणायचे, “अजून एक मजला झाला.”

अशा घरात माझा धाकटा दीर फेरेट घेऊन आला.

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, म्हणतात. इथे पोटच्या पोरानेच धाडलं होतं आणि घोड्याऐवजी हे. दीर कॉम्प्युटरच्या कंपनीत, तीन वर्षं परदेशात राहून परतलेला. त्याने कोट काढला, आतल्या खिशात हात घातला आणि वीतभर लांब, मुंगसासारखा, बदामी रंगाचा, काळ्या मुखवट्याचा एक जीव टेबलावर ठेवला. जीव झोपेत होता. त्याने एक डोळा उघडून आम्हाला पाहिलं, जांभई दिली आणि पुन्हा झोपला.

“हे काय?” सासऱ्यांनी विचारलं.

“फेरेट. तिकडे लोक घरात पाळतात. फ्रेंडली असतो यार बाबा, तुम्हाला कंपनी होईल.”

“कुठल्या परवान्यावर आणला?”

“परवाना कसला? खिशात झोपला होता. कस्टम्सच्या ग्रीन चॅनलमधून सरळ बाहेर आलो.”

सासरे खुर्चीत बसले. ज्या माणसाने दिवाळीला आलेली साधी डायरीसुद्धा कधी घेतली नाही, त्याच्या जेवणाच्या टेबलावर चोरून आणलेला परदेशी प्राणी घोरत होता, आणि चोर त्यांचाच मुलगा. महिन्याभरात दिराला पुन्हा परदेशी बदली मिळाली. फेरेट अर्थातच इथेच राहिला.

पहिला आठवडा सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलंदेखील नाही. मग एक दिवस त्यांचं पेनाचं टोपण हरवलं. दुसऱ्या दिवशी मोजा गेला, तिसऱ्या दिवशी चष्म्याचं घर. सगळं सोफ्याखाली सापडलं, नीट ओळीने लावून ठेवलेलं. सासरे जमिनीवर पालथे पडून तो साठा बघत होते आणि फेरेट त्यांच्या पाठीवर चढून बसला होता. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकलं.

“दिवसभर झोपायचं, तासभर उठून इकडचे कागद तिकडे करायचे आणि महत्त्वाचं असेल ते दाबून ठेवायचं. हा तर आमचा सेक्रेटरी!”

तेव्हापासून तो सेक्रेटरीसाहेब झाला.

आता साहेबांच्या आहाराचा प्रश्न. फेरेट मांस खाणारा. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी शिजलं नव्हतं. सासऱ्यांनी दोन दिवस त्याला तूपभात देऊन पाहिला. साहेबांनी तो हुंगला आणि पायाने बाजूला सारला. तिसऱ्या दिवशी मी लॅबमधून आले, तर बाल्कनीत जुन्या वातीच्या स्टोव्हवर कोंबडी शिजत होती आणि सासरे नाकाला उपरणं बांधून कात्रीने तिचे बारीक तुकडे करत होते. पुढे श्रावण आला तेव्हा मी मुद्दामच विचारलं, “बाबा, आता?” ते म्हणाले, “त्याला श्रावण लागू नाही. तो परदेशी आहे.” उन्हाळ्यात त्याला दिल्लीची हवा सोसेना, तर ज्या माणसाने सासूबाईंना जन्मभर कूलरवर भागवायला लावलं, त्याने एसी आणला. मी काही बोलले नाही. सासूबाई असत्या तर बोलल्या असत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं.

सोसायटीला काय सांगायचं हा वेगळाच पेच. मुंगूस म्हणावं, तर ते पाळणं वन्यजीव कायद्यात बसत नाही. फेरेट म्हणावं, तर आला कुठून? म्हणजे आगीतून फुफाट्यात. सासऱ्यांचा स्वतःचा एक नियम होता, लपवणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं. पहिलं चालेल, दुसरं कदापि नाही. एकदा ते त्याला शालीत गुंडाळून खाली उन्हात घेऊन गेले, तर गेटवरच्या गार्डने गाठलंच.

“अंकल जी, ये नेवला है क्या?”

“नहीं.”

“तो फिर?”

सासऱ्यांनी शाल आणखी घट्ट ओढली.

“अच्छा, समझ गया! विलायती बिल्ला है!”

सासरे हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. पण घरी येऊन त्यांनी दोनदा हात धुतले.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर साहेब आजारी पडले. आधी खाणं कमी झालं, मग अंगावरची चरबी गेली, आणि एक दिवस सोफ्याखालून बाहेर येताना त्यांचे मागचे पाय फरफटत होते. मी म्हटलं, डॉक्टरकडे नेऊ. सासरे म्हणाले, डॉक्टर कागद मागेल. मी म्हटलं, जनावरांचे डॉक्टर पासपोर्ट बघत नाहीत. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ते त्याला मांडीवर घेऊन बसून राहिले. साहेबांनी कधी नव्हे ते सासऱ्यांच्या पेनाचं टोपणसुद्धा सोडून दिलं होतं, आणि मला खरंच भीती वाटली. एकाचं काही झालं तर दुसराही फार टिकणार नाही, असं मला दिसत होतं.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी पुण्याहून सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आलेली आणि नोएडातली आमची खाजगी लॅब कुत्र्यांच्या पार्व्हो नावाच्या विषाणूवर चालायची. नव्या उपनगरांत लोकांनी आधी फ्लॅट घेतले, मग गाडी, मग लॅब्राडोर. लॅब्राडोरचं पिल्लू उलट्या-जुलाबांनी आडवं झालं की त्याचा नमुना आमच्याकडे. म्हणजे देशाच्या भरभराटीचा माझ्या वाट्याला आलेला भाग हा असा होता.

त्याच पार्व्होचा एक लांबचा भाऊबंद फेरेटला आणि मिंकला गाठतो, हे मी वाचलेलं होतं. मिंक म्हणजे फेरेटचाच नातलग, ज्याच्या कातड्याचे कोट करतात. दिल्लीत मिंक असलेच तर ते फक्त थंडीतल्या लग्नांमध्ये, कोटांच्या रूपात. माझ्या लॅबमधल्या एका पशुवैद्य मैत्रिणीने, तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर, घरी येऊन साहेबांचं थोडं रक्त काढलं. तपासायला लागणारे डीएनएचे कृत्रिम तुकडे मी परदेशातून मागवले आणि ते आठवड्यात एका कुपीतून कुरिअरने दारात आले.

“परवाना?” सासऱ्यांनी विचारलं.

“लागत नाही आता.”

त्यांनी ती छोटीशी कुपी उजेडात धरून पाहिली. “आमच्या टेबलावर ही वर्षभर पडून राहिली असती,” ते म्हणाले. मग कुपी मला परत देत, “तोवर हा मेला असता.”

विषाणू निघाला. आता प्रश्न होता कुठल्या जातीचा. मी त्यांना समजावून सांगितलं की हा विषाणू स्वतःच्या प्रती काढतो आणि प्रती काढताना जनुकांतली अक्षरं चुकतात. चुकता चुकता त्याची वेगवेगळी घराणी झाली आहेत. मिंकमध्ये सापडतात त्यांतली काही जीवघेणी, फेरेटमध्ये सापडतात ती बहुधा सौम्य. फेरेटची घराणीसुद्धा मुळात मिंककडूनच फुटून आली असावीत. त्यामुळे नुसतं ‘आहे’ म्हणून भागत नाही, अक्षरं वाचावी लागतात.

“टायपिस्टसारखं,” सासरे म्हणाले. “आमच्याकडे एका पत्राच्या पाच कार्बन कॉपी निघायच्या. मग कुणीतरी पाचवीवरून पुन्हा टाइप करायचं, तिच्यावरून तिसरा. दहा वर्षांनी दोन सेक्शनमध्ये एकाच आदेशाच्या दोन प्रती निघायच्या, दोन्हींवर शिक्का आणि दोन्हींचा अर्थ वेगळा.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“मूळ शोधायचो. ते कधीच मिळायचं नाही. मग जी प्रत ज्याच्या हातात, ती त्याची खरी.”

मी विद्यापीठात इतकी वर्षं घालवली, पण हे मला कुणी इतक्या सोप्या भाषेत सांगितलं नव्हतं. जीवशास्त्राच्या एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर सरकारी टायपिंग पूलमध्ये पडून होतं आणि आम्ही सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसलो होतो.

विषाणूच्या कवचाचं जे जनूक सगळ्यात जास्त बदलतं, त्याचा तुकडा मी अक्षरं वाचून घ्यायला दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर यायला वेळ लागणार होता. त्या अवधीत सासऱ्यांनी अशी एक गोष्ट केली, जी फक्त तेच करू शकतात. कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्राचं जे सरकारी अतिथिगृह आहे, तिथे त्यांची निवृत्त मित्रमंडळी थालीपीठ खायला जमायची. तिथून एके दिवशी ते अगदी हलक्या मनाने घरी आले.

“अर्ज केला,” म्हणाले.

“कसला?”

“सेक्रेटरीसाहेबांना नियमित करून घेण्याचा. आमच्याच जुन्या खात्याकडे. सगळं खरं लिहिलं. मुलाने आणला, परवाना नव्हता, आता आजारी आहे, योग्य ते आदेश व्हावेत.”

मी कपाळावर हात मारला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अख्ख्या देशात ज्या प्राण्याची कुणाला पडलेली नव्हती, त्याची खबर त्यांनी स्वतः तीन प्रतींत दिली होती. ज्या काळात लोक गाड्या, घड्याळं, कारखाने आणून मोकळे होत होते, त्या काळात आमच्या घरातला एक म्हातारा एका आजारी फेरेटसाठी परवानगी मागत होता. मी चिडून म्हटलं, “बाबा, कोणी विचारलं होतं?” ते म्हणाले, “तो माझ्या मांडीवर मरणार असेल सूनबाई, तर चोरासारखा मरू नये.”



अक्षरं आली. मी ती आधीच्या नोंदींशी जुळवून पाहिली. आमच्या साहेबांचा विषाणू बराचसा फेरेटच्या घराण्यातला, पण अधूनमधून अक्षरं मिंककडची, आणि एकदोन ठिकाणी अशी की जी मला कुणाकडेच सापडली नाहीत. शिवाय रक्ताच्या एकाच थेंबात दोन थोडे वेगळे प्रकार निघाले. म्हणजे साहेब जगतील की नाही, हे विज्ञानाला सांगता येत नव्हतं. एवढं सगळं करून मी घरी जाऊन सांगितलं, “बाबा, काही सांगता येत नाही.” ते म्हणाले, “छान. म्हणजे तुमचंही खातं आमच्यासारखंच आहे.”

अशी अक्षरं जगभरातले लोक परदेशातल्या एका सार्वजनिक जनुकपेढीत जमा करतात. मीही केली. तिथे काही रकाने भरावे लागतात. कुठल्या प्राण्यात सापडला, तर फेरेट. कुठल्या देशात, तर भारत. दुसरं काय लिहिणार? नमुना नोएडात, आमच्या सोफ्यावर घेतलेला होता. नोंद स्वीकारल्याचा कागद छापून मी सासऱ्यांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

“देश, भारत,” ते म्हणाले.

“ते विषाणूचं आहे, बाबा.”

“हो हो. समजलं.” त्यांनी साहेबांच्या डोक्यावरून बोट फिरवलं. “आता याला श्रावण पाळावा लागणार.”

थंडी सुरू झाली आणि त्यांच्या अर्जाचं उत्तर आलं. जुन्या खात्याने तो दुसऱ्या खात्याकडे पाठवला होता आणि त्या दुसऱ्या खात्याने लिहिलं होतं की, विनापरवाना आयात केलेला प्राणी विलगीकरण केंद्रात हजर करावा, तपासणीत रोग आढळल्यास तो नियमानुसार नष्ट करण्यात येईल. पत्र अगदी सभ्य भाषेत होतं. सासऱ्यांनी वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. त्यांना सगळे नियम पाठ होते, त्यामुळे त्या पत्रात चूक काही नव्हती हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. साहेब तेव्हा थोडे सावरले होते. एसीच्या जागी आता हीटर आला होता आणि त्याच्यासमोर, सासूबाईंच्या जुन्या शालीत, ते पाय पसरून झोपलेले होते.

तीन दिवस सासरे जेमतेम जेवले. मी म्हटलं, उत्तरच देऊ नका, ते लोक विसरतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी टेबल पुसलं, कोरा कागद घेतला आणि लिहायला बसले. लिहून झाल्यावर मला हाक मारली. पत्रात एकच परिच्छेद होता. सदर प्राण्याच्या रक्तात आढळलेल्या विषाणूची जनुकीय नोंद आंतरराष्ट्रीय दप्तरी भारत या देशाच्या नावे झालेली आहे, प्रत सोबत जोडली आहे. सबब पूर्वीच्या अर्जातील मजकूर रद्द समजावा. आणि शेवटी ते वाक्य. ‘सदर प्राणी देशातच उपलब्ध असल्याने आयातीचा प्रश्न उद्भवत नाही.’

“सूनबाई,” त्यांनी विचारलं, “हे खोटं आहे का?”

“विषाणू इथे सापडला, हे खरं आहे बाबा.”

“मी ते विचारलं नाही.”

मी नोंदीची प्रत पत्राला टाचली. सासऱ्यांनी पेनाचं टोपण शोधलं. ते अर्थातच सोफ्याखाली होतं, म्हणजे साहेबांची तब्येत खरंच बरी होती. त्यांनी वाकून ते काढलं, परत येऊन बसले आणि सही केली. त्यांची सही नेहमी छापल्यासारखी यायची. त्या दिवशी ती थोडी वाकडी आली. ज्या वाक्याने त्यांनी जन्मभर लोकांची दारं बंद केली, त्याच वाक्याने त्यांनी आयुष्यात एकदाच एक दार आतून लावून घेतलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि हे त्यांना सांगितलं असतं तर ते रागावले असते.

त्या पत्राचं उत्तर कधी आलं नाही. कुठल्या तरी टेबलावर ते पडून राहिलं असेल. सरकारी दिरंगाईला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, पण त्या हिवाळ्यात मी तिच्या नावाने देवापुढे दिवा लावला असता.

सेक्रेटरीसाहेब होळीपर्यंत राहिले. शेवटचे दोन दिवस त्यांनी काही खाल्लं नाही, नुसते सासऱ्यांच्या बाहीत तोंड खुपसून पडून असायचे, आणि तसेच एका दुपारी गेले. सासऱ्यांनी त्यांना शालीतच गुंडाळलं. सोसायटीच्या मागे एक मोकळा तुकडा होता, जिथे अजून टॉवर आला नव्हता. तिथे आम्ही खड्डा केला. सासऱ्यांनी पेनाचं टोपण आत ठेवलं. आता टोपणाशिवाय पेन कसं वापरणार, हे मी त्यांना विचारलं नाही.

परत येताना गेटवर गार्डने विचारलं, “अंकल जी, आज अकेले? आपका वो विलायती बिल्ला कहाँ है?”

सासरे थांबले. त्यांच्या हाताला अजून माती होती.

“विलायती नहीं था,” ते म्हणाले. “यहीं का था.”